उपसा सिंचनाचा पंप : निगा, दुरुस्ती व दक्षता

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठाने प्रवास करणाऱ्यास थोड्या थोड्या अंतरावर गोल जॅकवेली, त्यांवरील पत्र्याची पंपघरे आणि तेथून उसाच्या मळ्यांतून चढणीस लागलेले नळ दिसतात. नदी खाली आणि जमीन वर अशी या भागाची रचना असल्याने पाणी उचलल्यावाचून येथे बागायत होत नाही. एकट्यादुकट्या शेतकऱ्यास न झेपणारे हे काम सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी गावोगाव उभे केले व सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील कितीतरी शिवारे आजही त्यांवर अवलंबून आहेत. अशा संस्थेचा पंप पंचवीस, पन्नास, क्वचित् शंभर अश्वशक्तीचाही असतो. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीची सवय झालेला माणूस या यंत्रापाशीही त्याच सवयीने वावरतो आणि अपघात होतात ते बहुधा येथेच.

या टापूत यंत्रकामात तरबेज माणसांची वाण नाही. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना वसविला, त्यास शतक उलटून गेले. पंपाचा पंखा काढणे, बेअरिंग बदलणे, कपलिंग रेषेत आणणे ही कामे येथे सहज होतात. उणीव असते ती पंप थांबल्यापासून त्यास हात लावीपर्यंतच्या दहा मिनिटांत. या लेखात दुरुस्तीच्या इतर अंगांचाही विचार केला आहे. परंतु मुख्य भर त्या दहा मिनिटांवर आहे.

थांबलेला पंप आणि बंद केलेला पंप

थांबलेला पंप आणि बंद केलेला पंप या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत. वीज गेल्यामुळे थांबलेला पंप वीज येताच पुन्हा फिरू शकतो. तीन फेजपैकी एक गेल्यामुळे संरक्षक साधनाने मोटर थांबविली असेल, तर उरलेल्या दोन तारांत वीज खेळत असतेच. मोटर फिरत नाही एवढ्यावरून स्टार्टरमध्ये वीज नाही असा निष्कर्ष काढणारास त्याची किंमत कित्येकदा प्राणाने द्यावी लागली आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका संस्थेच्या पंपघरात गेला असता तेथील वयस्क पंपचालकांच्या उजव्या हाताची दोन बोटे नसल्याचे दिसले. विचारता त्यांनी हकीकत सांगितली. ग्लँडमधून पाणी फार गळत होते. तेवढ्यात वीज गेली, तेव्हा ती येईतो ग्लँडमध्ये दोरी भरून घ्यावी म्हणून त्यांनी कपलिंगवरील जाळी काढली आणि ते कामास बसले. स्टार्टर मोबाईलवर चालणारा होता. वीज आल्याचा संदेश गावात असलेल्या चिटणिसांच्या मोबाईलवर गेला व त्यांनी नित्याप्रमाणे घरबसल्या पंप सुरू केला. दोष कोणाचा, असे विचारता पंपचालक म्हणाले, "दोष कुणाचाच नाही, साहेब. त्यांना मी दिसत नव्हतो आणि मला ते."

वीज आपोआप येताच पंप सुरू करणारे स्टार्टर आणि मोबाईलवर चालणारे स्टार्टर यांनी शेतकऱ्यांचे रात्रीचे हेलपाटे वाचविले आहेत. शेतीपंपांची वीज अनेक ठिकाणी पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. थंडीच्या रात्री नदीकाठी साप-विंचवांतून जाण्यापेक्षा घरून पंप सुरू करणे कोणासही बरेच वाटणार. ही साधने वापरू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु पंपाशी उभा असलेला माणूस आणि पंप सुरू करणारा माणूस एकच असावयाचा, हा जुना नियम त्यांनी मोडला आहे. त्याची भरपाई दुसऱ्या उपायाने केली पाहिजे, आणि तो उपाय म्हणजे एक साधे कुलूप होय.

स्टार्टरचे लाल बटन दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. त्याने आतील संपर्क सुटतात, मात्र स्टार्टरच्या वरच्या बाजूच्या तारा जिवंतच राहतात. यासाठी प्रथम स्टार्टर बंद करावा, मग मेन स्विचचा दांडा खाली ओढावा, त्यातील तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावेत आणि दांडा बंद स्थितीत असतानाच त्यास कुलूप लावावे. किल्ली ज्याचा हात यंत्रात जावयाचा त्याच्याच खिशात राहावी. ती चिटणिसांकडे देऊ नये की खिळ्यालाही टांगू नये. दोघे काम करीत असतील तर दोन कुलुपे लावावीत. ज्या स्विचला कुलपाची सोय नाही त्यास स्थानिक लोहाराकडून पट्टी बसवून घेता येते, मात्र तेही काम वीज तोडूनच व वायरमनच्या देखत करावे. "पंपावर माणूस काम करीत आहे" अशी पाटी लावणे चांगले, पण पाटी वाऱ्याने पडते आणि अंधारात वाचता येत नाही. वर उल्लेखिलेल्या पंपघरात आता मेन स्विचशेजारी दोन कुलुपे टांगलेली असतात. किल्ल्या तेथे नसतात.

कुलूप लावल्यावर वीज खरोखर गेली आहे की नाही, हे मापकाने तपासावे. खिशातील टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही असे धरून चालू नये. उन्हात तो मिणमिणता दिवा दिसत नाही व टेस्टर नादुरुस्त असला तरीही तो लागत नाही. मापक आधी जिवंत तारेवर लावून चालतो याची खात्री करावी, मग ज्या टोकांवर काम करावयाचे त्या तिन्हींवर लावावा आणि शेवटी पुन्हा जिवंत तारेवर लावून पाहावा. ही तपासणी परवानाधारक वायरमनने करावी. कपॅसिटर बसविलेला असल्यास त्यात वीज तोडल्यानंतरही काही काळ भार साठून राहतो. निदान पाच मिनिटे थांबून आणि मापकाने तपासूनच त्याच्या टोकांजवळ हात न्यावा.

डीपीवरचा फ्यूज उडाला असता वीज कर्मचाऱ्याची वाट न पाहता स्वतःच वर चढून तार घालण्याची चाल गावोगाव आहे. पिके वाळत असताना ही उतावीळ समजण्यासारखी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु डीपीच्या वरच्या बाजूस ११,००० व्होल्टची वाहिनी असते. एवढ्या दाबाच्या वाहिनीजवळ नुसते जाणेही घातक असते आणि पायांतील रबरी चप्पल त्यापुढे काही कामाची नाही. पीक पुढच्या हंगामी पुन्हा घेता येते.

मोटर आणि स्टार्टर यांच्या लोखंडी अंगास दोन स्वतंत्र अर्थिंग असावेत. अर्थिंगच्या तारेचा बोल्ट गंजून सैल झाला असेल तर ते अर्थिंग नसल्यासारखेच होय. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतीत जावे.

नळातील पाण्याचा भार

वीज तोडल्यानंतरही पंपघरात एक शक्ती शिल्लक राहते, तिची आठवण फार थोड्यांस असते. चढणीच्या नळात उभे असलेले पाणी, ते ही शक्ती होय. दहा मीटर उंचीचे पाणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब देते. नळाचे तोंड पंपापासून ४० मीटर उंच असेल तर हा दाब चार किलो होतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या झाकणावर पाणी जवळजवळ साडेबारा क्विंटल जोराने रेटत असते, आणि फिटर त्याच झाकणाचे बोल्ट एकेक करून सोडवीत असतो.

परतीचे पाणी अडविणारी झडप हा भार पेलते खरी, परंतु तिच्या पाळ्यात काडी अथवा गाळ अडकला तर ती पूर्ण बसत नाही. पाणी मागे येऊ लागले की थांबलेला पंप उलटा, कधी कधी नेहमीहून अधिक वेगाने फिरू लागतो. म्हणून पंप उघडण्यापूर्वी पुढील स्लूस व्हॉल्व्ह घट्ट बंद करावा, त्याच्या चाकास साखळी घालून कुलूप लावावे, आणि मग पंपाच्या पोटातील हवेची तोटी व तळाचा बूच उघडून पाणी पूर्ण निथळू द्यावे. बूच उघडल्यावर धार थांबत नसेल तर स्लूस व्हॉल्व्ह गळतो आहे हे ओळखावे व चढणीचा नळ रिकामा केल्याखेरीज पुढे जाऊ नये. बोल्ट सोडवितानाही सर्व बोल्ट थोडे थोडे सैल करून फट पडू द्यावी व दाब उरला नाही असे पाहून मगच नट काढावेत. तोंड त्या फटीसमोर धरू नये.

पन्नास अश्वशक्तीच्या मोटरीचे वजन तीन क्विंटलांच्या आसपास असते. चार गड्यांनी बांबू घालून ती उचलण्याऐवजी तिवई व चेन-पुली वापरावी. टांगलेल्या मोटरीखाली, क्षणभरासाठी का होईना, कोणी हात घालू नये.

जॅकवेलीतील हवा

फूट व्हॉल्व्ह, ज्यास गावाकडे 'फुटबॉल' असे गमतीचे नाव पडले आहे, तो साफ करण्यासाठी जॅकवेलीत उतरावे लागते. वर्षानुवर्षे साठलेला गाळ कुजून तेथे विषारी वायू धरतात व प्राणवायू कमी होतो. कंदील उतरवून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची उणीव दाखविते, पण तेवढेच. डिझेल एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड माणसास मारक ठरतो तेव्हाही कंदील तेवतच राहतो, आणि त्या वायूस रंग अथवा वास नसतो. कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे नव्हे. यास्तव गाळपाणी उपसण्यासाठी डिझेल एंजिन विहिरीत किंवा जॅकवेलीत उतरवू नये. ते वर, वाऱ्याच्या खालच्या अंगास ठेवावे.

२०२४ च्या एप्रिल महिन्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात वाकडी येथे शेणाची रबडी साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर वाचविण्यासाठी एक जण उतरला, आणि त्यास वाचविण्यासाठी एकामागून एक इतर उतरले. पाच जण दगावले. कमरेस दोर बांधून उतरलेल्या एकास मात्र वर ओढून घेता आले. ती काही पंपाची विहीर नव्हती. पण बंदिस्त जागेत माणसे कशी जातात ते यावरून कळते. पहिला मनुष्य खाली कोसळलेला पाहून दुसऱ्यास धीर धरवत नाही. जॅकवेलीत उतरण्यापूर्वी पंख्याने व लांब कापडी नळीने तळाशी बराच वेळ ताजी हवा सोडावी व काम चालू असेपर्यंत ती सोडीत राहावे. शक्य तेथे वायुमापकाने हवा तपासून घ्यावी. उतरणाराच्या अंगास पट्टा व दोर असावा आणि वर दोन सशक्त माणसे सतत हजर असावीत. खालचा मनुष्य उत्तर देईनासा झाला तर वरच्यांनी दोर ओढावा, स्वतः उतरू नये. आत नेण्याचा दिवा २४ व्होल्टचा अथवा बॅटरीचा असावा.

नित्याची निगा

ज्या पंपाची निगा नीट राखली जाते तो घाईने उघडावा लागत नाही. रात्री अकरा वाजता, पाळीचे पाणी वाया जाईल या धास्तीने केलेली दुरुस्ती सर्वांत धोक्याची असते. म्हणूनच निगा राखणे हीदेखील सुरक्षिततेचीच बाब होय.

पाणी कमी येऊ लागले की पुष्कळ जण पंख्यास दोष देतात. अनुभव असा की दहांतील बहुतेक वेळा खोट सक्शनच्या बाजूस असते. हवेच्या दाबाच्या बळावर समुद्रसपाटीस पाणी फार तर १०.३ मीटर चढू शकते. पुण्याइतक्या उंचीवर यांतून सुमारे साठ सेंटिमीटर वजा होतात. नळातील घर्षण वगैरे धरता सहा ते सात मीटरांपलीकडे सक्शन नेऊ नये. उन्हाळ्यात नदी खाली गेली की हे अंतर आपोआप वाढते व पंपाच्या पोटात खडी भरडल्यासारखा आवाज येऊ लागतो. हा आवाज म्हणजे पाण्याचे बुडबुडे होऊन ते पंख्यावर फुटत असल्याची खूण होय. काही दिवसांत पंख्यास उंदरांनी कुरतडल्यासारखे खड्डे पडतात. अशा वेळी पंप खाली घ्यावा, किंवा स्लूस व्हॉल्व्ह थोडा आवळून पाण्याचे मान कमी करावे. सक्शनचा नळ मात्र केव्हाही आवळू नये. या नळास पंपाकडे सतत बारीक चढ असावा, नाहीतर मध्ये हवेची पिशवी धरते. सांध्यातून हवा ओढली जाते की काय हे पाहण्यास त्यावर साबणाचा दाट फेस लावावा. फेस आत खेचला गेला की जागा सापडली.

ग्लँडच्या बाबतीत गैरसमज फार. एक थेंबही गळता कामा नये अशा समजुतीने ती आवळली जाते, दोरी कोरडी पडून जळते आणि शाफ्टच्या नळीवर चर पडतात. मिनिटाला तीस ते साठ थेंब पडणे हे निरोगी ग्लँडचे लक्षण आहे. ते पाणीच तिचे वंगण होय. जुन्या दोरीवर नवा वेढा घालून वेळ मारून नेऊ नये. सर्व वेढे काढून पोकळी पुसावी, शाफ्टच्या मापाचे स्वतंत्र वेढे तिरपा छेद देऊन कापावेत व एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये. मधले पाणी देणारे कडे त्याच्या भोकासमोरच बसले पाहिजे. पुष्कळांच्या कोठीत अजूनही ॲस्बेस्टॉसची जुनी दोरी पडून असते. तिची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी ती न वापरता ग्रॅफाइटची अथवा टेफ्लॉनची दोरी घ्यावी. जुनी दोरी काढावयाची झाल्यास ओली करून काढावी.

बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरणे ही अशीच एक प्रेमळ चूक आहे. घराचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग भरला म्हणजे पुरे. अधिक झालेले ग्रीस घुसळून तापते.

महापुरानंतर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कृष्णा-पंचगंगेकाठची पंपघरे पाण्याखाली गेली होती. पूर ओसरल्यावर मोटर वरून सुकलेली दिसते व माणूस बटन दाबतो. आतील गुंडाळीत चिखल व ओल असल्याने ती तत्क्षणी जळते, किंवा तिच्या अंगात वीज उतरते. बुडालेली मोटर खोलून स्वच्छ पाण्याने धुवावी, मंद उष्णतेने सावकाश सुकवावी आणि गुंडाळीचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजून घ्यावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी असेल तर मोटर जोडू नये. सुकवताना उष्णता ८० अंशांवर जाऊ देऊ नये. बेअरिंगमधील जुने ग्रीस संपूर्ण काढून टाकावे. स्टार्टर, मेन स्विच व अर्थिंग यांचीही वायरमनकडून तपासणी झाल्याखेरीज पंपघरात वीज घेऊ नये.

पुन्हा सुरू करताना

दुरुस्ती संपली की हत्यारे मोजून घ्यावीत. राहिलेला पाना पंपाच्या पोटात सापडल्याची उदाहरणे आहेत. शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत असेल तर कपलिंगची रेषा पुन्हा तपासावी. मोटरीच्या तारा सोडविल्या असतील तर कपलिंगचे बोल्ट घालण्यापूर्वीच मोटर क्षणभर चालवून फिरण्याची दिशा पाहावी. उलटा फिरणारा पंपही थोडेबहुत पाणी देतो, त्यामुळे ही चूक कधी कधी महिनोन् महिने लक्षात येत नाही आणि विजेचे बिल मात्र वाढत जाते. दिशा बरोबर ठरल्यावर वीज पुन्हा तोडून व कुलूप लावून बोल्ट घालावेत आणि जाळी बसवावी. त्यानंतरच सर्वांनी आपापली कुलुपे काढावीत, आणि मोबाईलचा स्टार्टर ज्याच्या हाती आहे त्यास स्वतः फोन करून कळवावे.

पंप पाण्याने पुरता भरून, स्लूस व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करावा, म्हणजे मोटरीवर भार कमी येतो. मात्र वेग येताच एक-दोन मिनिटांत व्हॉल्व्ह उघडावा. बंद व्हॉल्व्हवर पंप तसाच चालू राहिला तर आतील पाणी उकळू लागते आणि पंपाची बीडाची कवची फुटू शकते. पहिला तासभर पंपचालकाने तेथून हलू नये. ग्लँडचे थेंब, बेअरिंगची ऊब, आवाज आणि ॲमीटरवरील आकडा यांकडे लक्ष ठेवावे. तारीख, केलेले काम, घातलेले सामान, मेगरचे माप, सुरू केल्यावरचा ॲमीटरचा आकडा व काम करणाऱ्यांच्या सह्या पंपघराच्या वहीत त्याच दिवशी लिहाव्यात. पुढच्या वेळी पंप उघडणारा फिटर दुसरा कोणी असेल, त्यास ही वही प्रथम वाचावयास द्यावी.